चौदा हात दोरी

१ नोव्हेंबर

पोहोचलो एकदाच्या. सहा तासांच्या बोटीत धाकटीने पाच वेळा ओकून घेतलं आणि प्रत्येक वेळी तोंड पुसत मलाच विचारलं, की ताई, अजून किती राहिलं. जणू समुद्र मीच अंथरला होता. धक्क्यावर पाय ठेवल्यावर ती दोन्ही हातांनी फळी धरून बसूनच राहिली. म्हणाली, परत जायची वेळ आली तर चालत जाईन.

बेट एवढंसं आहे. या टोकाला शिंकलं तर त्या टोकाचा माणूस विचारेल, सर्दी झाली का. मधे झाडी, एका अंगाला पाहुण्यांच्या आठ खोल्या, दुसऱ्या अंगाला आम्हा कामकऱ्यांच्या. आमच्या खोलीत दोन लोखंडी खाटा, भिंतीत एक फळी, वर पत्रा आणि एक खिडकी. खिडकीतून सरळ पाणी. आधी हिरवं, मग निळं, आणि प्रवाळाची कड संपते तिथून पुढे एकदम शाई. सात वर्षं मी शहरातल्या तलावात, क्लोरीनच्या वासात, भित्र्या माणसांच्या हनुवट्या धरून त्यांना तरंगायला शिकवलं. आज त्या खिडकीत उभी राहिले आणि वाटलं, इतकी वर्षं बादलीत पोहत होते की काय.

मालकांना सगळे काका म्हणतात. साठीचे, गोल पोटाचे, कानावर कायम पेन्सिल. स्वतः धक्क्यावर आले, माझी पिशवी उचलली आणि मी पोहायला शिकवत होते हे कळताच 'मास्तरीणबाई' असं माझं बारसं करून मोकळे झाले. पाहुण्यांना पाण्याखाली हिंडवून सुखरूप वर आणायचं हे माझं काम. त्यांच्या खोल्या, टॉवेल आणि तक्रारी हे धाकटीचं. काका म्हणाले, ते इथे माणसं जोडीनेच ठेवतात. नवराबायको, नाहीतर सख्खी भावंडं. एकटं माणूस महिन्याभरात पळून जातं. मला ते पटलं. आईबाबा गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत. तिला मागे ठेवून मी आलेच नसते.

फोन लागत नाही. काकांच्या ऑफिसात बिनतारी संच आहे आणि दर पंधरा दिवसांनी बोट येते. आणखी दोघंच माणसं. एक मिस्त्री, जो सिलिंडरमध्ये हवा भरतो, इंजिनं दुरुस्त करतो आणि छोटी बोट चालवतो. दुसरी त्याची बायको, स्वयंपाकीणबाई. दोघंही अबोल. धाकटी म्हणाली, चला, इथे बोलायचा ठेका आपल्यालाच.

३ नोव्हेंबर

आज तिला पाहिलं.

सकाळी सात पाहुण्यांना मास्क कसा थुंकी लावून धुवायचा, स्नॉर्कलमधून श्वास कसा घ्यायचा हे शिकवलं आणि आतल्या आखातात नेलं. इथलं पाणी इतकं स्वच्छ की तळाच्या वाळूवर स्वतःचीच सावली पोहताना दिसते. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात त्याचा आवाज पाण्यात स्पष्ट येतो, कुणीतरी शेजारी बसून चुरमुरे खाल्ल्यासारखा. दोन कासवं, वाळूत अंग पुरून बसलेला एक मोठा, चपटा पाकट मासा. पाहुणे खूश. तेवढ्यात काकांनी बोटीतून हात केला, की पुढे बघा.

तळाच्या गवतात ती चरत होती. समुद्रगाय. बैलाएवढं धूड, राखाडी, पाठीवर जुने ओरखडे, तोंड खाली वाकलेलं, आणि चरताना मागे गाळाचा लोट. चारपाच मिनिटांनी ती सावकाश वर आली, नाकपुड्यांची झाकणं उघडून फूस् करून श्वास घेतला आणि परत खाली गेली. आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. मी पुस्तकात वाचलं होतं, हा प्राणी फार लाजाळू, माणसाची चाहूल लागली की मैलभर लांब जातो. ही मात्र अर्धा तास आमच्यातच होती. वर आल्यावर एका आजोबांचे डोळे भरून आले होते.

काका तिला 'बाईसाहेब' म्हणतात. तीन वर्षं एक दिवस खाडा नाही, असं अभिमानाने सांगतात. एकच नियम: तरंगत्या पिवळ्या बोयांच्या पलीकडे, काळ्या कातळांच्या बाजूला कुणाला जाऊ द्यायचं नाही. तिथे पाण्याला ओढ आहे.

धाकटी किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्यासाठी एवढं म्हणजे फारच झालं.

९ नोव्हेंबर

अंग उन्हाने रापलंय, हाताला मिठाची पुटं आहेत आणि मी आयुष्यात इतकी सुखी नव्हते. हे लिहून ठेवते, कारण नंतर विश्वास बसणार नाही.

तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. बाईसाहेब वाळलेली आहे. मानेखाली कातडीच्या वळ्या लोंबतात. आखातातलं गवत तिने मुळापर्यंत खाल्लंय, वाळू उघडी पडलीय, आणि कडेपलीकडे म्हणे गवताचं रान आहे. मग ती जात का नाही? दोन घास खाल्ले की मान वळवते, ती कायम काळ्या कातळांकडे. आणि पाण्याखाली चिवचिव ऐकू येते. खरंच पाखरासारखी. ती चिवचिवली की कातळांकडून तसाच, पण बारीक आवाज येतो.

मिस्त्रीला विचारलं. तो सिलिंडरची चावी पिळत होता, पिळतच राहिला. म्हणाला, बाई, तुम्ही पाहुणे सांभाळा.

धाकटीने वेगळाच शोध लावलाय. मिस्त्री आणि त्याची बायको आठ वर्षांत एकदाही बरोबर बेटाबाहेर गेलेले नाहीत. तो गेला की ती राहते, ती गेली की तो राहतो. धाकटी म्हणाली, एवढं प्रेम, की विरहाचीसुद्धा पाळी लावलीय. आम्ही खूप हसलो.

१५ नोव्हेंबर

बोट आली आणि पाहुण्यांना घेऊन गेली. या खेपेला नवं कुणी आलं नाही. पुढचा गट तीस तारखेला, बावीस जणांचा.

दुपारी काका झोपले तेव्हा मी मास्क आणि फिन्स घेतल्या आणि बोये ओलांडले. ओढ वगैरे काही नाही. पाणी तलावासारखं शांत.

कातळांच्या मधे खोलगट जागा आहे. तळाशी बोटीचं जुनं इंजिन, गंजलेलं, शेवाळलेलं. त्याला निळी दोरी. दोरीच्या टोकाला पिल्लू.

धाकटीएवढं लांब असेल. शेपटीच्या मुळाशी दोरीचा फास, आणि मास त्या फासावर वाढलंय, झाडाला तार बांधून विसरलं की खोड तारेवर वाढतं तसं. त्यातून पांढरे धागे लोंबत होते, आणि छोटे मासे ते टोचत होते. पिल्लू श्वासाला वर जातं, दोरी ताणली जाते, मग खाली येतं. दर तीन मिनिटांनी. मी अर्धा तास बघत होते, दर तीन मिनिटांनी.

मग बाईसाहेब आली. माझ्या अंगावरून गेली, मी तळाचा एखादा दगड असल्यासारखं समजून. पिल्लाला काखेत घेतलं. ते पिऊ लागलं.

इंजिनाला आणखी दोऱ्या बांधलेल्या आहेत. जुन्या, तुटक्या. मी मोजल्या नाहीत. भोवती वाळूत बरगड्या आहेत.

१६ नोव्हेंबर

काकांना विचारलं. मला वाटलं होतं ते नाकारतील, चिडतील. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

ते म्हणाले, "मास्तरीणबाई, दूध काढताना वासरू बांधतातच की. त्याला कोणी पाप म्हणतं का? वासरू बांधलं की गाय लांब जात नाही. एवढीच गोष्ट आहे."

दोरी चौदा हात ठेवतात. जास्त ठेवली तर कातळात गुंतते. भरतीला बरोबर नाक वर पोहोचतं. मोठं उधाण आलं तर कधीकधी पुरत नाही. मग दुसरं आणायचं. हे त्यांनी पेन्सिलीने कागदावर काढून दाखवलं, इंजिन, दोरी, पाण्याची रेघ. चित्र सुबक होतं. तीन वर्षांत बाईसाहेबसुद्धा तीच राहिलेली नाही, ही तिसरी. पाहुण्यांना काय कळतंय.

मी म्हटलं, मी हे काम करणार नाही. ते म्हणाले, नका करू, तुम्ही फक्त पाहुणे सांभाळा. आणि चहा मागवला.

१७ नोव्हेंबर

उजाडता उजाडता गेले. जवळ मासे साफ करायची सुरी होती. वरची दोरी सहज कापली, पण शेपटीचा फास मासात होता, तो काढायला तीन बुड्या लागल्या. पिल्लू ओरडत होतं. पाण्यात ते चिवचिवच ऐकू येतं. आई माझ्या पाठीला नाक लावून थांबली होती. तिने ढकललं असतं तर मी कातळावर फुटले असते. तिने ढकललं नाही.

शेवटचा पदर सुटला. पिल्लाला कळलंच नाही. ते वर गेलं आणि दोरी जिथे अडवायची तिथे आपणच थांबलं. मग आईने खालून उचललं त्याला. दोघं कडेवरून शाईत गेली.

धाकटीला सांगितलं. ती आधी घाबरली, मग तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, पुढच्या बोटीने घरी, तुझा तलाव काय वाईट होता. बोटीला तेरा दिवस आहेत. तेवढे दिवस तोंड बंद ठेवायचं असं ठरलं.

१८ नोव्हेंबर

पिल्लू सुटल्याचं काकांना कळलं असणारच, तरी नाश्त्याला त्यांनी दोन विनोद केले.

मी खोल्यांमागच्या टाकीवर मास्क धुवत होते. परत आले तर धाकटी खोलीत नाही. तिची चादर नाही. स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं, की काकांनी तिला खाडीपलीकडच्या उघड्या खडकावर पाठवलंय. तिथे पूर्वी दीपगृहाचा दिवा सांभाळणाऱ्याची एक खोली आहे, ती झाडून ठेवायची, तीस तारखेच्या पाहुण्यांची तिथे सहल आहे. दोन दिवसांचं काम. मिस्त्री सोडून आला.

मला न सांगता ती बोटीत बसली? स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, तिला सांगितलं होतं, की ताईच म्हणाली जा.

१९ नोव्हेंबर

काकांनी बोलावलं. आवाज तोच, गोड. म्हणाले, तीस तारखेला बावीस माणसं समुद्रगाय बघायला येताहेत, आणि समुद्रगाय नाही. कडेपलीकडे कळप चरतो. पिल्लं आहेत. सिलिंडर लावून गेलं की बुडबुड्यांना ती बिचकतात. बिनसिलिंडरचं तीन मिनिटं खाली राहणारं माणूस बेटावर एकच आहे.

मी नाही म्हटलं. ते म्हणाले, काही घाई नाही.

दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाले, की खडकावर पाणी नाही बरं का. पाण्याचा डबा बोटीने न्यावा लागतो. आणि आज नेमकं बोटीचं इंजिन बसलंय.

मी मिस्त्रीकडे धावत गेले. इंजिन चालू होतं. तो ते धुवत होता. मी बोटीत पाय टाकला तर त्याने किल्ली काढून काकांना नेऊन दिली.

२१ नोव्हेंबर

मधली खाडी पाऊण मैल. ओढ खरी तिथे आहे. भरती-ओहोटी बदलताना पंधरा-वीस मिनिटं काय ती थांबते. काकांच्या दुर्बिणीतून पाहिलं. त्यांनीच दिली, काच पुसून. धाकटी दारात उभी होती, हात हलवत होती. दोन्ही हात. खूप वेळ.

बिनतारी संचाची खोली कुलूपबंद आहे.

मिस्त्री आज बोलला. माझ्याकडे न बघता, चावी पिळत. त्याची बायको आठ वर्षांपूर्वी त्या खडकावर अकरा दिवस होती. ते दोघं इथे आले त्याच्या दुसऱ्या महिन्यात. तेव्हा पाहुण्यांना दाखवायला कासवं होती, ती अशीच बांधायची होती. अकराव्या दिवशी त्याने बांधली. त्याआधी स्वयंपाकीणबाई खूप गायच्या, त्यानंतर गायल्या नाहीत. "बांधून टाका, बाई," तो म्हणाला. "मी अकरा दिवस वाया घालवले."

२२ नोव्हेंबर

बांधलं.

लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. कडेपलीकडे पाच होती. एक पिल्लू आईच्या पाठीवर डोकं टेकून चाललेलं. मी खालून गेले. त्याने मला पाहिलं आणि जवळ आलं. जवळ आलं. त्यांना माणूस माहीत नाही. मी शेपटीत फास टाकला आणि वर मिस्त्रीने बोटीतून ओढला.

आईने मला खांद्याने दाबलं, पण मारलं नाही. बोटीमागे सगळी वाट आली.

इंजिनाला गाठ मीच मारली. सतरा हात ठेवली. काकांनी बोटीत बसून दोरी ओढून पाहिली आणि परत खाली पाठवलं. चौदा करा, म्हणाले.

केली.

२३ नोव्हेंबर

धाकटी आलेली नाही.

काका म्हणतात, आईला रुळू द्या. आठवडाभर तरी. घाईत सगळं बिघडतं. पाण्याचा डबा पाठवलाय, काळजी नको. मी म्हटलं, आपलं ठरलं होतं. ते म्हणाले, कोणी ठरवलं? मी तर काही घाई नाही एवढंच म्हणालो होतो.

आणि हसला. आजपासून त्याला अहोजाहो नाही.

चिवचिव आता खोलीतही ऐकू येते. येणं शक्य नाही. येते.

२४ नोव्हेंबर

सकाळी दारात नव्हती. दुपारीही नाही. दुर्बिणीत फक्त दार, उघडं — वाऱ्याने हलतं.

उद्या अकरा वाजता भरती थांबते. पंधरा मिनिटं. पाऊण मैल. मी केलेलं आहे हे, तलावात, तीस फेऱ्या. तलावाला ओढ नसते.

वही आणि दुर्बीण मास्कच्या रबरी पिशवीत मावतात. सुरी कमरेला.

२५ नोव्हेंबर — खडकावर

पोहोचले. शेवटी ओढीने धरलं, कातळावर आपटले, डावा हात कोपरातून हलत नाही. उजव्याने लिहितेय.

जिवंत आहे. खोलीत भिंतीला टेकून बसलेली. ओठ फुटलेत. डब्यात चार बोटं पाणी, तेही मचूळ. मी हाक मारली तर तिने वर पाहिलं आणि परत मान खाली घातली. मग हात लावून पाहिला मला.

काकाने तिला मिस्त्रीकरवी सांगितलं होतं — ताई गेली. शहरातून बोट बोलावली, जुनी नोकरी परत मिळाली, घाईत होती, तुला निरोप दिलाय. पहिल्याच दिवशी सांगितलं.

ती हात हलवत होती ते मला नव्हे. कुणालाही. कुठल्याही बोटीला.

मी म्हटलं, तुला खरं वाटलं? ती म्हणाली, हो.

एवढंच. हो.

२६ नोव्हेंबर

सकाळी बोट आली. किनाऱ्यापासून वीस हातांवर थांबली. मिस्त्री सुकाणूवर, स्वतःच्या पायांकडे बघत. काका उभा, छत्री उघडून. बोटीत दोन डबे, भरलेले, बाहेरून घाम आलेले.

तो म्हणाला, एकीला बसवून नेतो. मोठीला. दुसरीला डबा ठेवतो. ठेवीन की, मी काय राक्षस आहे?

मी म्हटलं, दोघी येऊ. नाहीतर कुणीच नाही.

छत्री मिटून बसला. बोट वळली.

धाकटी माझ्यावर ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा. मग रडली, पण डोळ्यांतून काही आलं नाही.

तीस तारखेपर्यंत चार दिवस. बावीस माणसं येणार. तोवर टिकायचं. दोन बोटं पाणी, मी ओठच ओले करते.

२७ नोव्हेंबर

अमावास्या. उधाण. दुपारी पाणी खोलीच्या पायरीला लागलं.

इथून दुर्बिणीतून काळे कातळ दिसतात. मी बघायला नको होतं. पिल्लाचं नाक वर येत होतं — मग नुसतं टोक — मग पाण्यावर तिथे एक खळगा पडायचा आणि भरून यायचा. आई खालून ढकलत होती. दोरीला लांबी नव्हती. मीच बांधलेली. चौदा.

मग खळगा पडला नाही.

ती अजून ढकलतेय.

सतरा ठेवली असती तर

संध्याकाळी बोट आली होती. काका म्हणाला, परत एक लागणार, मास्तरीणबाई. पाहुण्यांना बिनतारीवरून कळवलंय, महिनाभराने या. घाई नाही.

तीस तारखेची आशा गेली. धाकटीला सांगितलेलं नाही.

२८ नोव्हेंबर

पाणी संपलं. धाकटी डब्याचा पत्रा चाटते —

मी ठरवलंय. जाते. बांधते. तो म्हणेल तेवढी बांधते. ती म्हणाली, गेलीस की येणार नाहीस. मी म्हटलं, येईन. ती म्हणाली, मागेही

शपथ घातली मी. आईची. तिने तोंड फिरवलं.

बोट दिसतेय. येतेय. वही पिशवीत घालायची, सुरी कुठे —

थांबली. आज लांब थांबलीय. पन्नास हात तरी. मी हाक मारली, की मी येते, जवळ घ्या. काका ऐकू न आल्यासारखं — कानाला हात लावतो —

डबा उचलून दाखवतोय. ओततोय. समुद्रात. थोडं थोडं.

धाकटी उठली. उभी राहिली, बरी दिसते. गुडघ्यापर्यंत गेली. तिथे थांबेल. पुढे ती कधी

कंबर.

धाकटे मागे फिर

बोट मागे सरकतेय. ती एक पाऊल टाकते, बोट तेवढीच — तो हसून बोलावतोय तिला, ये, ये, असं लहान मुलाला — मिस्त्री मान वर कर, मिस्त्री बघ तरी

छाती. हात वर धरलेत तिने, ओले होऊ नयेत म्हणून. पुढे तळ नाही, पुढे ओढ आहे, तिला माहीत ना